केस नहीं जी

आमच्या दवाखान्यात दिवस एकाच शब्दाने उजाडतो. खिडकीशी माणूस आला की पहिला प्रश्न, "केसपेपर काढला का?" मारामारी, अपघात, विषबाधा असं काही असलं की, "पोलीस केस आहे, आधी कळवा." सव्वीस वर्षं मी सिस्टर म्हणून नोकरी करते आहे. जव्हार, मोखाडा, परत जव्हार, आणि मधली तीन वर्षं रस्त्यालगतच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात. त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण चूक माझी होती, इमारतीची नव्हती. इतक्या वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून किती वेळा गेला असेल याला गणती नाही. आता तो उच्चारताना मी मध्येच थांबते. बरोबरच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात, आणि मी त्यांना हसू देते.

त्या लहान दवाखान्यात असतानाची ही गोष्ट आहे. एप्रिल संपत आला होता आणि डोंगरावर राब भाजणं चालू होतं. नाचणीच्या, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्याचा धूर त्या दिवसांत खिडक्यांतून आत येऊन बसतो, चादरींनासुद्धा वास लागतो. सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक जीप दारात थांबली. खोडाळ्याच्या रस्त्यावरच्या एका वळणावर ट्रक खाली गेला होता. सूर्यमाळकडच्या नळयोजनेचे पाईप घेऊन निघालेला ट्रक. राब भाजणाऱ्या माणसांनी आवाज ऐकला, ती खाली उतरली आणि ड्रायव्हरला वर घेऊन आली. त्याच्या डोक्याचं लांबलचक निळं कापड सुटून झुडपाला अडकलं होतं. त्याचीच त्यांनी बांबूला झोळी बांधली. पाड्यावरून रस्त्यापर्यंत आमच्याकडचा आजारी माणूस असाच येतो, त्यामुळे त्यांना विचार करावा लागला नाही.

"बाय, कोनी बुवा हाय काय की," त्यांच्यातला म्हातारा मला म्हणाला. "केस बघ ना त्याचं. मोठा भगत असंल कुठला."

भगत म्हणजे पाड्यावरचा देवाचा माणूस, भूतबाधा आणि दुखणं उतरवणारा. म्हाताऱ्याने केस पाहिले आणि त्याला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर काहीतरी पवित्र आहे. मी त्याच्यावर खेकसले, "भगत कसला? सरदारजी आहे तो. व्हा बाहेर सगळे." सरदारजी ओळखता आला याचा मला चक्क अभिमान वाटला होता. आज मोजून सांगते, त्या खोलीत त्या माणसाला बरोबर ओळखणारा तो म्हातारा एकटाच होता.

मला शीख माणसाबद्दल काय ठाऊक होतं? बारा वाजल्याचे विनोद ठाऊक होते. ते मी स्वतः नर्सेस क्वार्टरच्या व्हरांड्यात, हातवारे करून, सगळ्यांना हसवत सांगितले होते. मनोरच्या पुढे हायवेवर ढाबे आहेत हे ठाऊक होतं. सिनेमातला मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा फौजी ठाऊक होता. आमच्या जव्हारात तर सरदार म्हटलं की जुन्या लोकांना अजून संस्थानातले सरदार आठवतात. रजिस्टरवर बसलेल्या क्लार्कने नाव कळेना म्हणून लिहून टाकलं, "अनोळखी सरदार, पुरुष, वय अंदाजे तीस." ते वाचून मी हसले होते. तेव्हा हसले होते, हे लिहायलाच हवं.

डॉक्टर आतल्या खोलीत एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होते. दारातूनच त्यांनी सांगितलं, रक्त थांबवा, जखम मोकळी करा, मी टाके घालायला येतो. डोक्याला मोठी खोक होती, कानाच्या वरून मागपर्यंत. रक्ताने केसांचा गोळा झाला होता आणि जखम कुठे सुरू होते, कुठे संपते ते दिसेना. मी सलाईन लावलं. मनगटातलं लोखंडी कडं काढून यादीत लिहिलं. मग कात्री मागितली. दवाखान्यातली मावशी ट्रे धरून उभी राहिली. ती पाड्यावरची बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कमी बोलणारी.

तेव्हा तो बोलला. डोळे अर्धवट उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "केस नहीं जी."

मला वाटलं, झालं सुरू. अपघातात सापडलेला प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणतो. सिस्टर, केस नको. मॅडम, केस मत करो, लायसन जाएगा, मालिक निकाल देगा. शुद्धीवर येताच पहिलं तेच. मी माझ्या ठरलेल्या हिंदीत त्याला म्हटलं, "केस तो करना पडेगा. डरने का नहीं. सबका होता है."

"केस नहीं," तो पुन्हा म्हणाला. आणि हात उचलून डोक्याकडे नेला. मला वाटलं, दुखतंय म्हणून नेतोय. मी मावशीला म्हटलं, "हात धर गं त्याचा." तिने धरला. तो आणखी एकदा तेच म्हणाला, अगदी हळू. मी म्हटलं, "हो हो, कुछ नहीं होता," आणि कात्री चालवली.

त्यानंतर तो बोलला नाही. मला वाटलं, समजूत पटली. मनात स्वतःचं कौतुकसुद्धा केलं, की बघा, पेशंटला कसं शांत करते मी.

एका बाजूचे कापून भागलं नसतं का? कदाचित भागलं असतं. पण मला घाई होती, बाहेर अजून लोक होते, आणि अर्धं डोकं भादरलेलं बरं दिसत नाही असा मूर्ख विचारही मी केला. सगळे केस काढले. दाढीतही रक्त गोठलं होतं, तीही एका बाजूने कापली. कमरेपर्यंत पोचतील एवढे केस होते. ट्रेमध्ये मावेनात. डॉक्टरांनी येऊन टाके घातले, डोळ्यांवर बॅटरी मारली, आणि ताबडतोब नाशिकला पाठवायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये चढवला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकहून कळलं की तो गेला. डोक्याच्या आत रक्तस्राव झाला होता, केस कापले काय किंवा न कापले काय, तो वाचलाच नसता. डॉक्टरांनी मला हे नंतर दोनदा सांगितलं. मी त्यांना विचारलं नव्हतं.

महिन्याभराने त्याचे वडील आले. पांढरी दाढी, पांढरी पगडी, इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. पंजाबातून दोन गाड्या बदलून नाशिक, तिथून एसटीने मोखाडा, आणि तिथून चौकशी करत करत. येताना ते खोडाळ्याच्या वाटेवरच्या त्या पाड्यावर जाऊन आले होते. ज्यांनी पोराला वर काढलं त्यांनी ते निळं कापड धुऊन, घडी करून ठेवलं होतं आणि म्हाताऱ्याने झोळीची सगळी हकिगत जशीच्या तशी सांगितली होती. वडिलांच्या पिशवीत वरच ते कापड होतं. "पगडी ने उठाया उसको," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा जवळपास आनंदी होता.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते म्हणाले, "बेटी, एक बात पूछनी थी. उसके केस..."

मी लगेच म्हटलं, "केस पोलीस स्टेशनला आहे, बाबा. आपके को उधर जाना पडेगा. इधर का काम खतम."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "केस थाने में?"

"हां. इधर खाली कागज होता है."

त्यांना काही उमगेना. मग त्यांनी हात वर नेला, पगडीच्या कडेला कानामागे दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "केस, बेटी. केस."

व्याकरण आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ती केस, ते केस. एक कोर्टातली, दुसरे डोक्यावरचे. माझ्या मातृभाषेतला शब्द होता तो. तो माणूस पंजाबीत बोलत होता, पण तो एक शब्द माझ्याच भाषेतला होता, मी रोज सकाळी आरशासमोर उच्चारते तो. त्याने तो मला तीनदा दिला. हातही वर नेऊन दाखवला. आणि मी त्याला म्हटलं, करावं लागेल, सगळ्यांचं होतं.  माझा हात आपोआप माझ्याच अंबाड्याकडे गेला.

वडिलांना दिसलं की मला समजलं आहे. त्यांनी पिशवीवर हात ठेवले आणि ज्यासाठी एवढ्या लांब आले होते ते विचारलं. त्याची आई दिवसरात्र एकच विचारते, म्हणाले. नाशिकहून शरीर आलं ते तसं आलं. केसांना त्याने जन्मात कात्री लागू दिली नव्हती. हातपाय गेले असते तरी त्याने एवढं दुःख मानलं नसतं. मग त्याने हो कसं म्हटलं? भ्याला का? की कोणी विचारलंच नाही? "उसने मना नहीं किया?"

मी म्हटलं, "वो बेहोश थे. कुछ बोले नहीं."

समजणं आणि खोटं बोलणं यांच्यात पाणी पिण्याएवढाही वेळ गेला नाही. नोकरीची भीती होती का? होती. पण खरं कारण दुसरं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाने माझ्याकडे बघितलं असतं ते मला सोसलं नसतं. मावशी दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

मग त्यांनी विचारलं, ते केस कुठे गेले. कचरा पिवळ्या पिशवीतून जातो एवढंच मला माहीत. मावशी पुढे आली. म्हणाली, "मी नाय टाकलं ते कचऱ्यात. परक्या मानसाचं केस उघड्यावर पडलं तर कोनी करनी करंल. म्हनून वेगळं जाळलं, मागं, चिंचेखाली. राख नदीला सोडली." मी हिंदीत सांगितलं. वडील उठले आणि त्यांनी मावशीला वाकून हात जोडले. तिला ते आवडलं नाही, ती भिंतीला चिकटून उभी राहिली. न शिकलेल्या बाईने करणीच्या भीतीने जे केलं ते त्यांच्या रीतीत बसलं, आणि मी शिकलेली, डिप्लोमावाली.

जाताना त्यांनी एका कोऱ्या केसपेपरच्या मागे आपला फोन नंबर लिहिला आणि माझ्या हातात दिला. "कुछ याद आए तो," म्हणाले. एवढंच.

तेव्हापासून तो माणूस माझ्या मागे आहे. भूत म्हणत नाही, आमच्याकडे भुतांची नावं वेगळी असतात आणि त्यांचे उपायही ठरलेले असतात. हा नुसता शब्द आहे. सकाळी खिडकीपाशी क्लार्क ओरडतो, केसपेपर, आणि मला पुढचा शब्द ऐकू येतो, नहीं जी. फणीत केस अडकले की मी ते फेकत नाही, हातात घेऊन उभी राहते, मग नवरा विचारतो, काय झालं. एकदा दारू पिऊन मोटारसायकलवरून पडलेला एक जण म्हणाला, "सिस्टर, केस नको," आणि मी त्याला विचारलं, "कुठले? डोक्यावरचे की पोलिसांची?" वॉर्डभर हशा झाला. तो बिचारा आपल्या टकलावरून हात फिरवायला लागला. मी पण हसले, आणि मग संडासात जाऊन रडले.

गेल्या थंडीत पाहुण्यांना घेऊन जव्हारजवळच्या शिरपामाळला फिरायला गेले होते. तिथे एक शीख कुटुंब फोटो काढत होतं. वाऱ्याने त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीची वेणी सुटली होती आणि बाप दगडावर बसून ती पुन्हा घालत होता, दातांत रिबन धरून, सावकाश. मी पाहत उभी राहिले. इतका वेळ, की त्याच्या बायकोने हसून विचारलं, "फोटो चाहिए आंटी?" आपल्याकडचे लोक त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात, त्यांना त्याची सवय असणार. मी वळले आणि पाहुण्यांना मागे टाकून गाडीत जाऊन बसले. त्या बाईला वाटलं असेल, काय चमत्कारिक बाई आहे. तिला मी काय सांगणार होते?

या वर्षी नव्या मुली आल्या तेव्हा जखमा हाताळण्याचं शिकवायला मला उभं केलं. मी नेहमीचं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, कुणाच्याही डोक्याला कात्री लावण्याआधी विचारायचं. पेशंट काही म्हणत असेल तर ते काय म्हणतो ते दोनदा विचारायचं. लागतात तेवढेच कापायचे. एका मुलीने वहीतून डोकं वर काढून सरळ विचारलं, "मॅडम, आणि तो नको म्हणाला तर?"

वर्गात मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण त्या दिवसापासून मला दुसरीच गोष्ट टोचायला लागली. इतकी वर्षं मी स्वतःच्या चुकीचंच दुःख करत बसले होते. माझी कात्री, माझे कान, माझं हिंदी. पण तो नको म्हणाला होता! डोकं फुटलेलं, शुद्ध हरपत चाललेली, तरी तीनदा म्हणाला होता. त्याच्या आईला जे हवं होतं ते जगात फक्त माझ्याकडे होतं, आणि ते मी स्वतःचं तोंड वाचवण्यासाठी दाबून ठेवलं होतं. केस मी चुकून घेतले. हे मात्र समजून उमजून घेतलं होतं.

रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, मी केसपेपरमागचा तो नंबर लावला. वाटलं, बदलला असेल. तिसऱ्या रिंगला त्यांनीच उचलला. मी कुठून बोलते ते सांगितलं. ते म्हणाले, "हां बेटी. बोलो." जणू काल भेटलो होतो.

मी सांगितलं. तो शुद्धीवर होता, बाबा. मी खोटं बोलले. तो म्हणाला होता, केस नहीं जी. एकदा नाही, तीनदा म्हणाला. हात वर नेला होता, तो आम्ही धरला. त्याने हो म्हटलं नाही. मला ते पोलिसांचं वाटलं.

पलीकडे कुठेतरी पंखा घरघरत होता.  मग त्यांनी विचारलं, "और आपने क्या कहा उसको?"

हे विचारतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "मैंने बोला, करना पडेगा. डरने का नहीं. सबका होता है."

त्यांचा श्वास मला ऐकू आला. मी वाट पाहत राहिले, शिव्यांची, रडण्याची, कशाचीही. ते म्हणाले, "रुको," आणि फोन घेऊन चालू लागले. चपलांचा आवाज आला, दार उघडल्याचा आला. मग फोनपासून जरा लांबून, मला ऐकू यावं अशा बेताने ते म्हणाले, "बेटी, उसकी माँ है. हिंदी कम समझती है. इसको सिर्फ उसकी बात बताना. आपकी नहीं."

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज कानाशी आला. "की केहा मेरे पुत्त ने?" काय म्हणाला माझा लेक?

मी त्याचे तीन शब्द सांगितले. तिला ते समजावून सांगावे लागले नाहीत. ती ते स्वतःशी म्हणाली, मग खोलीतल्या कुणाला तरी ओरडून सांगितलं, मग पुन्हा मला विचारलं, आणि मी पुन्हा सांगितले. ती रडत होती आणि मला आशीर्वाद देत होती, एकामागून एक. फोन घ्यायला वडील जवळ उभे असणार, पण त्यांनी घेतला नाही. त्यांच्या लेकाला मी दिलेलं उत्तर त्यांनी एकट्याने ठेवून घेतलं होतं, आणि मी तिचे आशीर्वाद शेवटपर्यंत ऐकून घेतले.